पूजेला मांडलेला गॉगल

"हात लावू नका त्याला!" विजयमाला नवऱ्यावर अशी ओरडली, की आदिनाथनं पुढं केलेला हात झटक्यात मागं घेतला.

खंडेनवमी होती. गेवराई रोडवरच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाटावर सगळी हत्यारं मांडली होती. गाडीच्या काचेला खडा लागून पडलेली चीर केमिकलनं बुजवायची नवी पिचकारी, ड्रिल, केमिकल घट्ट करायचा दिवा, निळे हातमोजे आणि मधोमध पिवळ्या काचांचा गॉगल. दोन्ही काचांवर कुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. गॉगलचा मान मोठाच होता. दोन वर्षांमागं काचेचा कण उडून आदिनाथचा डावा डोळा गेला, तेव्हा विजयमालानं स्वतः जाऊन हा गॉगल आणि हातमोजे आणले. त्याआधी केमिकलनं त्याच्या बोटांची सालटी निघायची, भाकरीला तिखट लावलं की हात भगभगायचा. आता हात बरे झाले होते आणि उजवा डोळा शाबूत होता. रस्त्यावरचे ट्रकवाले त्याला पायलट म्हणून चिडवायचे. चिडवोत बापडे. गॉगल घातल्याशिवाय हा गडी साधा स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही.

"अगं, सुंदररावांची गाडी हाय," आदिनाथ हळू आवाजात म्हणाला.

सुंदरराव शेडच्या तोंडाशीच उभे होते. शेड त्यांच्याच जागेत होतं. "आदिनाथा, उद्या दसऱ्याला लेकीकडं जायचंय. एवढा एक तारा पडलाय काचंला. आज बुजवला न्हाई तर वाटंत आख्खी काच तडकंल. दहा मिनिटाचं तर काम बाबा. जमत नसंल तर तसं सांग." हे ते हसून म्हणाले. जागेचा मालक हसून बोलला, तरी ते ऐकावंच लागतं.

विजयमालानंच मग ट्रंकेतून जुनी पिचकारी काढली. "हिची पूजा केली न्हाई. ही घ्या. मांडलेलं उद्या सकाळशिवाय उठवायचं न्हाई."

"आन् गॉगल?"

"गॉगलबी मांडलेलाच हाय." ती पाटापुढं येऊन उभी राहिली. "त्या साली खंडेनवमीलाच पूजेतली हातोडी उचलली हुती तुमी. इसरलात का? मी न्हाई इसरले. एक डोळा नेला देवानं. दुसरा न्हाई नेऊ द्यायची मी."

आता या बाईला काय म्हणावं? डोळा वाचावा म्हणूनच अडवत होती बिचारी. आदिनाथला पटलं असंही नाही, पण ती हातोडी त्यालाही आठवत होती. "दहा मिनिटाचं तर हाय," तोही म्हणाला, आणि उघड्या हातांनी, उघड्या डोळ्यानं काचेवर ओणवा झाला.

जुन्या पिचकारीचा वायसर वाळून चिरला होता. केमिकल आत दाबायला त्यानं स्क्रू आवळला, आणखी एक फेरा दिला, आणि ते चिरीत जायच्या ऐवजी बाजूनं चिळकांडी मारून वर आलं. सरळ उजव्या डोळ्यात. "आई गं!" म्हणून त्यानं डोळा चोळला, तोही केमिकलनं माखलेल्या बोटांनी.

"पाणी! पाणी आण!" तो ओरडला.

पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं, हे आदिनाथला तोंडपाठ होतं. पण त्या शेडमध्ये वाहतं पाणी कुठलं? ड्रमच्या तळाशी दोन तांबे पाणी निघालं. ते संपलं. सुंदररावांच्या गाडीतली बाटली ओतली, तीही संपली. डोळा लालबुंद झाला होता आणि पापणी उघडत नव्हती.

"बस गाडीत, बीडला नेतो तुला," सुंदरराव म्हणाले. त्यांनी मागचं दार उघडलं. "आरं, मला काय ठावं असं हुईल म्हणून."

आदिनाथनं शेडचा खांब घट्ट धरला. "उन्हात नेऊ नका मला! उन्हात नका नेऊ!"

का, ते विजयमालाला ठाऊक होतं. हे केमिकल सावलीत तेलासारखं पातळ राहतं आणि ऊन लागलं की दोन मिनिटांत काचेसारखं घट्ट होतं. म्हणून तर गाडी आधी सावलीत घ्यायची. येणाऱ्या प्रत्येकाला आदिनाथच हे मोठ्या हौसेनं सांगायचा. बाहेर तर बाराचं ऊन भाजत होतं.

तिनं पाटाकडं पाहिलं. मग पुढं होऊन झेंडू बाजूला फेकला आणि ऊन अडवायला गॉगल उचलला. बैल गेला आणि झोपा केला! पदरानं तिनं कुंकू पुसलं, काचांवर तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसलं, आणि गॉगल त्याच्या डोळ्यांवर चढवला. दोघांनी धरून त्याला मागच्या सीटवर बसवलं, विजयमाला शेजारी बसली. गाडी उन्हात आली आणि बीडच्या दिशेनं सुटली.

थोड्या वेळानं आदिनाथनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सगळा जोर लावून पापणी उघडली. गॉगलच्या काचेतून विजयमालाला तो उघडा डोळा दिसला. तिच्याच तोंडाकडं वळलेला.

"विजे," तो म्हणाला, "गॉगल नीट पुसला न्हाईस तू. कुंकू ऱ्हायलंय काचंवर. काहीच दिसंना."

काचा लख्ख होत्या.

"हां, ऱ्हायलंय थोडं," ती म्हणाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती त्या काचा पुसू लागली, आणि बीड येईपर्यंत पुसतच राहिली.