उजवीकडचे बोडस

मस्कतच्या नव्या ऑफिसात कोण कुठे बसणार, याचा तक्ता वझे एक्सेलमध्ये भरत होते. साहेबांच्या हुकमानुसार वझ्यांच्या उजव्या हाताला बोडस. हे बोडस दिवसभर आपल्या पुण्याच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं पुराण लावत.

“समीरा, यांना कुठेतरी हलव गं. वेड लागेल मला!”

मदतीला बसलेली रत्नागिरीची समीरा हसली. “अर्धी नावं अरबीत आहेत, काका. अरबीसारखी शीटही उजवीकडून सुरू करून बघू?”

एका क्लिकसरशी साहेबांसकट सगळं ऑफिस कूस बदलून पलीकडे गेलं. बोडस मात्र वझ्यांच्या शेजारीच, फक्त आता डाव्या हाताला.

“अरेरे, चिकटूनच राहिले की!” समीरा म्हणाली.

“राहू देत, राहू देत! हेच छाप,” वझे खुशीत म्हणाले. “माझा डावा कान लहानपणापासून ठार बहिरा आहे.”