बापाने चिकटवलेले पंख

राजूरच्या उतारावर सायकलवरून पडून प्रज्ञा गुडघे फोडून घरी आली, तेव्हा रंभाजीने तिची सायकल कायमची बंद करायचं ठरवलं. वर मोबाईलवर ऐकलेली ग्रीक लोकांची गोष्टही सुनावली.

"बापानं पोराला मेणानं पंख चिकटवून दिले. लई उंच जाऊ नको म्हणला. पोरानं ऐकलं न्हाई. उन्हानं मेण वितळलं आन् पडलं की समुद्रात!"

"पण पप्पा, उंचावर तर गार असतंय. कळसूबाईवर गेल्तो तवा आपलं खोबरेल तेल थिजलं हुतं," प्रज्ञा म्हणाली. "मेण वितळलंच नसंल. बापानंच कच्चं चिकटवलं असंल."




पाना शोधून रंभाजीने परवा स्वतःच घाईघाईत बसवलेले ब्रेक आवळायला घेतले.