दोन्हीकडून

शाळेची बस चालवता चालवताच तिच्या छातीत कळ आली. बत्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका! ती दवाखान्यात पडलेली आणि उशाशी आईबाबांची जुंपलेली.

"तुमच्याच घराण्याची देणगी ही," आई म्हणाली.

"आणि तुझा भाऊ कशाने गेला?" बाबा फिस्कारले.

दोघं तिच्याच अंगावर थुंकताहेत असं वाटून तिला शिसारी आली. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. "भांडू नका. कोलेस्टेरॉल वाढवणारा दोष हिला दोघांकडूनही आलाय. हिच्या भावंडांचं रक्त लगेच तपासून घ्या. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर हिच्यावर बहुधा ही पाळी आली नसती."

आईबाबा नजर चुकवत उठले. ते बाहेर जाताच तिने धाकट्या भावाला फोन लावला. "सगळी कामं सोड आणि आधी रक्त तपासून घे रे, राजा."



"ताई, मी वर्षभर कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेतोय. माझं लग्न होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, अगदी तुलासुद्धा नाही, असं आईबाबांनी बजावलं होतं."