मोठ्यानं वाचलेला निरोप

विद्यापीठाच्या कापूस केंद्रात प्रभावतीताईंसारखं माणूस दुसरं नव्हतं. गावोगावच्या शेतकरी मंडळांची ईमेल यादी त्या सांभाळायच्या. प्रत्येक निरोप आधी मोठ्यानं वाचायच्या, कानाला खटकला तर बदलायच्या, मगच पाठवायच्या. साहेब हसायचे, पण बांधावर समजायचा तो ताईंचाच निरोप.

बोंडअळीच्या साली एका संध्याकाळी त्यांनी लिहिलं, दोन औषधं मिसळून फवारू नका, जीव जाईल. घसा बसला होता, तरी वाचलं. पाठवायच्या आतच लाईट गेली. पत्ते, नंबर सगळे त्या बंद कॉम्प्युटरातच. खोलीत त्या एकट्याच. सकाळी गावोगाव फवारणी होणार होती. ताईंचा डोळा लागला नाही.

सकाळी केंद्र उघडताच फोन वाजला. महागावकडचे पुंडलिकराव होते.

"ताई, पाठीवरचे पंप उतरवले आमी. साऱ्या गावानं."

"निरोप कसा मिळाला?"

"आयकला ना. घसा बसेल होता तुमचा. काढा घेत जा जरा."

ताईंनी टेबलाची कड धरली.

"पन ताई, तुमच्या मांगून कोन वाचून राह्यलं होतं?" पुंडलिकरावांनी विचारलं. "आताबी वाचूनच राह्यलं ते."