फरशीवर एक शीत नाही

आतल्या व्हरांड्यात बसून सुंदरबाईनं फडकं सोडलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर भरिताचा गोळा ठेवला आणि ताट भावापुढे सरकवलं. उखर्डू ताटाकडे नुसता बघत राहिला. त्याचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते.

"खाय ना भाऊ," ती म्हणाली. "तुनासाठे लई उनू. पऱ्हाटीवर भाजेल वांगा शेत."

उखर्डू हसला. हात काही बाहेर आले नाहीत.

चाळिशीला टेकलेला, मिशी पिकायला लागलेला बाप्या, आणि अंगात शाळेतल्या पोराची खाकी अर्धी चड्डी. ती बघूनच सुंदरबाईला पहिली तिडीक आली होती, पण ती तिनं गिळली. जळगावात या मतिमंदांच्या संस्थेचं नाव मोठं होतं. आई गेल्यावर थोरल्या भावांनी उखर्डूला इथे आणून ठेवला त्याला वर्ष झालं होतं. आता कायमचा इथेच राहू द्यायचा की एरंडोलला तिच्या घरी न्यायचा, एवढं ठरायचं राहिलं होतं. "डोळ्यांनी बघून ये. चांगलं असलं तर राहू दे," असं नवरा हिलाल म्हणाला होता.

"याना हात मांडीखाल काबर शेत?" तिनं विचारलं.

कालवलेल्या भाताचं पातेलं घेऊन प्रमिलाबाई व्हरांड्यातून चालल्या होत्या. इथल्या माणसांचं जेवणखाण बघणाऱ्या दोघींपैकी त्या एक. "सवय आहे त्यांना," त्या म्हणाल्या. "जेवताना हात खाली. आम्हीच भरवतो."

"भरावतस? काबर? याना हात मोडेल शे का?"

आवाज चढला तसे व्यवस्थापक देवचंद सर ऑफिसातून बाहेर आले. माणूस गोड बोलणारा. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. "ताई, माणसं एवढी आणि बाया दोन. प्रत्येकाला हातानं जेवू दिलं तर दुपार तिथेच जाईल. म्हणून भात, वरण, भाजी एकत्र कालवायची. एक पातेलं, एक चमचा. हात वर गेला की सगळ्यांनी आ करायचा. ओळीनं भरवत गेलं की अर्ध्या तासात सगळं उरकतं. सांडलवंड नाही. बघा, फरशीवर एक शीत सापडणार नाही तुम्हाला. तपासणीचे साहेब म्हणाले, अशी फरशी आमच्या घरी नाही!"

सुंदरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरून कीर्तन, आतून तमाशा! एकाच्या तोंडातला चमचा दुसऱ्याच्या तोंडात, आणि वर फरशीचं कौतुक. दावणीच्या बैलालासुद्धा स्वतःच्या तोंडानं वैरण खाऊ देतात. हा तर गावी वांगी भाजायचा, सोलायचा, लाकडी बडगीत कुटायचा आणि पंगतीत सगळ्यांच्या आधी बसून दोन भाकरी हाणायचा. बोलणं बोबडं होतं, हिशेब येत नव्हता, पण भूक लागली की हात कुठे न्यायचा हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"मारतस का याले?" तिनं सरळ विचारलं.

"छे छे! आमच्याकडे हात उगारायची पद्धतच नाही. सगळं प्रेमानं."

प्रमिलाबाई पातेल्यात चमचा फिरवत राहिल्या.

सुंदरबाईनं भावाचा उजवा हात मांडीखालून ओढून काढला. हात थंडगार, बोटं आखडलेली. तिनं तो चोळला आणि भाकरीवर ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग बोटं हलली. त्यानं तुकडा मोडला, भरिताला लावला, तोंडात घातला. चावताना त्यानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या घासाला थोडं भरीत निसटून फरशीवर पडलं.

उखर्डू थिजला. त्यानं डावा हात काढला आणि स्वतःच्याच उजव्या हातावर फाडकन मारला. पुन्हा मारला.

"सांडलंस? परत सांडलंस? घाणेरडा कुठला!"

हे उखर्डू बोलला होता, अगदी स्वच्छ शहरी मराठीत. उखर्डूला जन्मात अहिराणीशिवाय काही बोलता येत नव्हतं. दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यानं प्रमिलाबाईंकडे बघितलं आणि बरोबर केलं ना, असं विचारल्यासारखा तो हसला.

"आम्ही दोघी पहाटेपासून उभ्या असतो हो," प्रमिलाबाई पुटपुटल्या.

"ताई, हे लोक काहीही बोलतात," सर घाईघाईनं म्हणाले. "त्यांना समजत नाही."

"समजस नही?" सुंदरबाई कडाडली. "वरीसमा तुमीन जे शिकाडं ते बठ्ठं शिकना तो! आते तुमीन हात मांडीखाल घालीसन बठा. बठा ना सर! मी भरावस तुमले!"

सर दोन पावलं मागे सरले. सुंदरबाईनं भाकरी फडक्यात गुंडाळून काखोटीला मारली आणि भावाला दंडाला धरून उठवलं. "चाल घर."

"असं मधेच नेता येणार नाही!" सर म्हणाले. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

बाहेरची वाट जेवणाच्या खोलीतून होती. भिंतीला टेकून ओळ बसलेली होती. दाढी-मिशांचे, टक्कल पडलेले, पिकल्या केसांचे बापे, सगळे अर्ध्या चड्ड्यांत, सगळ्यांचे हात मांड्यांखाली. फरशी खरोखरच लखलखत होती.

घाईत तिचा पदर डोक्यावरून घसरला. तो सावरायला तिनं मोकळा हात वर नेला.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळ्या ओळीनं आ केला.