कुठल्या आडाचं पाणी

"पाणी कुठल्या आडाचं पिता?"

नव्या मॅनेजरनं एवढंच विचारलं. पंचफुलाबाई वाट बघत राहिली. आता जात विचारील, मग हाकलील. पण त्यानं चावडीवर सगळ्यांदेखत कर्जाच्या अर्जातल्या जातीच्या रकान्यावर काट मारली होती. "माझ्या बँकेत हे चालत नाही," म्हणाला होता.

माणूस पुण्याकडचा. लातूर जिल्हा नवा झाला, उदगीरच्या बाजूच्या या गावात बँक आली, तिच्यासोबत हा आला. गावात गायकवाड तिन्ही गल्ल्यांत. आडनावावरून त्याला कोण कुठला, काही कळत नव्हतं.

"खालच्या आडाचं, साहेब," ती ताठ मानेनं म्हणाली. "असल्या दुष्काळात बी दोन पुरुष पाणी हाय. दोन म्हशी काय, दहा पाजीन. चला, दाखवते."

"नको. विचारलं तेवढं पुरे."

मागच्या साली तालुक्याच्या बँकेतल्या साहेबानं आधी जात विचारली होती. मग गोड बोलला होता, "बाई, तुमच्या लोकांसाठी सरकारची वेगळी योजना आहे. तिकडं जा." ती तिकडं गेली. तिकडं कुलूप होतं. तेव्हापासून तिची पोरगी तिच्यासंगं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. म्हशी आल्या तर पोरगी शाळेत, न्हाई तर खडीवर.

पुढं गुंडप्पा किराणावाला आला. त्यालाही तोच सवाल.

"वरच्या आडाचं," गुंडप्पा म्हणाला. चार जणांनी माना खाली घालून हसू दाबलं. वरच्या आडात दिवाळीपासून नुसते धोंडे. गुंडप्पाची बायको गौरम्मा अंधारात तोंडावर पदर ओढून खालच्या आडावर येते, हे साऱ्या गावाला ठावं. पण चारचौघांत तसं सांगायची लाज.

अर्जुनराव गायकवाडाला असली लाज नव्हती. तीस एकराचा धनी. पण दुष्काळानं नागवलेला दिसावा म्हणून घरगड्याचं मळकं धोतर नेसून आला होता. वरच्या आडाच्या दोराला हात लावला म्हणून पंचफुलाच्या सासऱ्याचा हात यानंच मोडला होता. आता याचीच पिपाची गाडी रोज खालच्या आडावर उभी. शिवाशिव कुठं गेली, कुणी विचारलं न्हाई.

"खालच्या आडाचं, साहेब! देवाशपथ!"

मॅनेजरनं मान हलवली. लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर अर्जुनराव हसला. "पंचफुले, साहेबाला जितं पाणी पायजे. गुंडप्पा येडा हाय. तुझ्या आडानं आज माझं काम केलं बघ."

"माझ्या सासऱ्याच्या हातानं बी केलं असतं, मालक. ऱ्हायला असता तर."

त्याचं हसू जरा थांबलं. मग तो गाडीत बसला.

पंधरवड्यानं बँकेत निकाल लागला. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या गुंडप्पानं वाचला, आणि वाचता वाचता त्याचाच आवाज बारीक झाला. गुंडप्पा, मंजूर. पंचफुलाबाई, नामंजूर, पाण्याची सोय नाही.

"कुणाला न्हाई?" तिनं विचारलं. "मला? अन् तुला हाय?"

गुंडप्पा चपला शोधू लागला.

ती मॅनेजरच्या टेबलापुढं गेली. "साहेब, आड बघायला तरी यायचं होतं."

"बाई, एकच प्रश्न, सगळ्यांना सारखा. इथं भेदभाव नाही."

तेवढ्यात अर्जुनराव दार ढकलून आत आला. टेबलावर मूठ आपटली. "मला नामंजूर? मला? अरे, मी कोण हाय, म्हाईत हाय का तुला?"

मॅनेजरनं खुर्ची हातभर मागं सरकवली. त्याला अंगचटीला आलेलं आवडलं नाही. तरी आवाज मऊच ठेवला.

"ओरडू नका, गायकवाड. मी स्वतः जात मानत नाही. पण तुमच्या लोकांसाठी सरकारची वेगळी योजना आहे. तिकडं जा."