पुढची दोन चाकं

पहिला नट बोटानंच फिरला.

मुंजाजीनं पाना खाली ठेवला. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं चाकं खोलण्यात घालवलेला माणूस. पाना लावला की नट किती आवळलाय ते त्याच्या मनगटाला कळायचं. त्यानं दुसरा नट चिमटीत धरला. तोही फिरला. तिसरा फिरला, चौथाही.

रविवारची सकाळ होती. लेकीच्या, निकिताच्या, जुन्या पांढऱ्या गाडीची चाकं गंजली होती, आणि तिनं आणलेले चंदेरी रंगाचे स्प्रे आठ दिवसांपासून खिडकीत पडून होते. आज रंग देऊनच टाकू म्हणून तो अंगणात बसला होता.

तो उठून पलीकडं गेला. पुढच्या उजव्या चाकाचे चारही नट तसेच. मागच्या चाकांना मात्र पान्यावर उभं राहून भार द्यावा लागला, तेव्हा कुठं नट करकरला.

मागची दोन घट्ट. पुढची दोन ढिली. आणि दसऱ्याला सोळाच्या सोळा नट त्यानं स्वतः आवळले होते.

निकिता जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. टायरला रंग लागू नये म्हणून फटीत खोचायला त्यानंच मागितल्या होत्या.

"एवढ्या बास होतील का, बाबा?"

"माय, परवा वालूरला गेलतीस, गाडी कशी चालली?"

"चांगली चालली. जरा पळवली की स्टेअरिंग तेवढं थरथरायलं. रस्ताच तसला हाय." ती थांबली. "का?"

त्यानं आठ नट तिच्या तळहातावर ठेवले. "हे हातानं निघाले."

निकिता तलाठी होती. गुरुवारी तिनं नदीतून चोरून वाळू नेणारे दोन टिप्पर धरले होते. सोमवारी त्या पंचनाम्याबद्दल परभणीला जबाब द्यायचा होता. ती हातातल्या नटांकडं बघत राहिली, मग अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीकडं.

"ढिले झाले असतील आपोआप."

"एखादा होतो. आठ होत न्हाईत."

"मग पोलिसात जायचं? काय सांगायचं, नट ढिले व्हते म्हणून?"

तो काचपेपर घेऊन गंज घासायला लागला. तीही शेजारी बसून पत्रिका खोचू लागली. दुपारपर्यंत दोघं कामाचंच तेवढं बोलले. डबा हलवायचा, हातभर अंतरावरून फवारायचा, सुकू द्यायचं, पुन्हा फवारायचा. चाकं नव्यासारखी चमकायला लागली.

तीनच्या सुमारास फाटकाशी मोटरसायकल थांबली. टिप्पर ज्याचे होते तो तात्याराव. इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध. आत आला नाही. फाटकावर हात ठेवून उभा राहिला.

"नमस्कार काका. रंगकाम काढलं व्हय?"

"हां."

"सगळी चाकं खोलली म्हणा की." त्यानं भिंतीला टेकलेली चारही चाकं एक एक करून पाहिली. "लय बरं केलं. मॅडमला लांबलांब हिंडावं लागतंय. उद्या सातला निघणार न्हवं परभणीला?"

जबाबाची तारीख त्याला ठाऊक असणारच होती. पण सातला निघायचं हे काल रात्री जेवताना ठरलं होतं. तेव्हा घरात बापलेकीशिवाय कुणी नव्हतं. जेवताना खिडकी उघडी होती, हे मुंजाजीला आता आठवलं.

निकिता उठून उभी राहिली. "सातला न्हाई. साडेसहाला."

तात्याराव हसला. "सावकाश जा," म्हणाला, आणि गेला.

दिवस कलताना मुंजाजीनं चाकं बसवली. रंग वरून वाळला होता, आतून अजून कच्चा होता. एकेक नट त्यानं दात आवळून पिळला. मग ब्रशनं प्रत्येक नटावरून चाकापर्यंत पांढरी रेघ ओढली. नट केसभर जरी हलला तरी रेघ तुटणार. वर्कशॉपात असंच करायचे. बाज त्यानं अंगणात गाडीला लागून टाकली. पहाटे तासभर डोळा लागला असेल, तेवढाच.

सकाळी सहाला तो गुडघ्यावर बसून रेघा बघू लागला. सोळाच्या सोळा सरळ होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग पुढच्या डाव्या चाकावर, बरोबर दोन नटांच्या मधे, त्याला तो दिसला. कच्च्या रंगात दाबून उठवलेला अंगठा. रेष न् रेष स्पष्ट. त्यानं आपला अंगठा त्यावर धरून पाहिला. ठसा चारी बाजूंनी बाहेर उरला.

बाज तिथून हातभरही लांब नव्हती.

ठसा रंगानं झाकायला तो स्प्रेचा डबा घ्यायला उठला. निकिता मागंच उभी होती.

"राहू द्या, बाबा."

"मी येतो सोबत."

"नगं. आज घर मोकळं न्हाई सोडायचं."

तिनं वाकून ठशाचा फोटो काढला. मागच्या सीटवर वाकून पाहिलं, डिकी उघडून पाहिली, मगच आत बसली. फाटक त्यानं उघडलं. गाडी हळूहळू रस्त्याला लागली. चाक फिरलं तसा तो अंगठा वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. मग वेग वाढला, आणि नुसती चंदेरी चकाकी राहिली.